खुलासा : शूटआउटमध्ये ‘किक पुन्हा’ का?

नागपुरातल्या शाळांच्या फुटबॉल ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘शूटआउटमध्ये किपर रेषेपुढे आला की गोल धरतात, किक परत दिली ती चिटिंग.’ हे चूक आहे. शूटआउट म्हणजे मॅच बरोबरीत सुटली की निकालासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी किक.

किक लागते त्या क्षणी गोलकिपरच्या एका पावलाचा काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे असला की झालं. दुसरा पाय पुढे चालतो. नियम मोडून अडवली तर किक पुन्हा. तरीही गोल झाला तर गोलच. बॉल बाहेर गेला किंवा खांबाला लागला, तर किपरमुळे मारणारा स्पष्टपणे गडबडला असेल तरच पुन्हा. किक पुन्हा द्यावी लागली की किपरला पहिल्या वेळी ताकीद, नंतर पिवळं कार्ड. मॅचमधलं पिवळं इथे मोजत नाहीत, हेही पालकांना सांगा!

खरी अडचण मैदानाची. जुलै-ऑगस्टच्या चिखलात चुन्याची रेषा गोलसमोरच पुसली जाते. मग टाच कुठे होती, यावर भांडण. शूटआउटआधी दोन्ही खांबांना दोरी ताणून रेषा पुन्हा मारून घ्या, जास्तीत जास्त १२ सेंमी रुंद. बॉल ११ मीटरवर.