"खरा असतो तो पहिल्याच एंट्रीत कळतो"? अजिबात नाही भावांनो

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की खरा दम असला की पहिल्याच एंट्रीत दिसतो, कॉमिक्सचे हिरो सुपरमॅन आणि वेताळ, इंग्लंडचे बँड बीटल्स आणि लेड झेपेलिन, सगळ्यांनी पहिल्याच फटक्यात जग जिंकलं, आणि ज्याला दुसरी संधी लागते तो मुळात मोठा नसतोच. लई लोकांनी पुढं ढकललाय म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

आधी सुपरमॅन. ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून १९३८, कव्हरवर हिरवी गाडी डोक्यावर उचलून खडकावर आपटणारा तो आणि कोपऱ्यात डोकं धरून पळणारा माणूस. अंक जोरात खपला, मान्य. पण सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी १९३३ ला सुपरमॅन नावाचं जे पहिलं पात्र केलं होतं ते टकलू व्हिलन होतं! मग त्याचा हिरो केला, वर्षानुवर्षं दारोदार फिरले, सगळीकडं नकार, आणि शेवटी हक्क विकले ते १३० डॉलरला. शिवाय १९३८ च्या त्या सुपरमॅनला उडताच येत नव्हतं, नुसत्या लांब उड्या मारायचा. आता यातली पहिली एंट्री कुठली धरायची?

वेताळ तर इंद्रजाल कॉमिक्समुळं आपल्या घरातलाच. १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकेतल्या पेपरात सुरू झाला तेव्हा त्याचा लेखक ली फॉक याच्या डोक्यात जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत पोरगा होता, तोच गुपचूप मुखवटा घालून फिरणार असा बेत, आणि गोष्ट चालू असतानाच त्यानं तो बेत बदलला. जंगल, पिढ्यानपिढ्यांची शपथ, आपण ज्याच्यासाठी जीव टाकायचो ते सगळं मागनं आलं.

बीटल्सचं उदाहरण देणाऱ्यानं तारखा तरी बघायच्या. १ जानेवारी १९६२ ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीत ऑडिशन दिली, नापास. त्याच्या आधीपासनं हॅम्बुर्गच्या क्लबात रात्र रात्र वाजवत होते, ऑगस्टमधी ड्रमर बदलला, ऑक्टोबरमधी पहिलं सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, आलं ते इंग्लंडच्या चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, १७ व्या नंबरच्या वर गेलं नाही.

लेड झेपेलिनचा १९६९ चा पहिला अल्बम मात्र खरंच जबर, आजपण लावला की अंगावर काटा येतो. पण त्यातले जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स दोघंही कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर स्टुडिओत वाजवून आलेले, आणि सप्टेंबर १९६८ चे पहिले कार्यक्रम यांनी पेजच्या जुन्या बँडच्या, यार्डबर्ड्सच्या नावावर केले. पैलवान खासबागेत उतरतो तेव्हा लोकांना एक कुस्ती दिसते, तालमीतली वर्षं कुणी मोजत नाही, तसंच हे.

आणि "दुसरी संधी" वाला मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कॉमिक्समधला हल्क १९६२ ला आला, पहिल्या अंकात करड्या रंगाचा, छपाईत तो रंग नीट येईना म्हणून दुसऱ्या अंकापासनं हिरवा केला, आणि सहा अंकांत मासिक बंद. स्पायडरमॅन त्याच वर्षी ऑगस्टच्या अमेझिंग फँटसी १५ मधी आला, तो त्या मासिकाचा शेवटचा अंक, स्वतःचं मासिक मार्च १९६३ ला मिळालं. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या शाळेत हेक्टिक्स नावाच्या बँडमधी पियानो वाजवायचा, पुढं लंडनला गेल्यावर क्वीनचं पहिलं सिंगल निघालं १९७३ ला, आणि ते चार्टवर आलंच नाही, इंग्लंडमधी पहिला नंबर मिळाला १९७५ ला. यांना दुसरी संधी दिली नसती तर आज ही नावं घेतली असती का आपण?

हे एवढं तळमळून लिहायचं कारण म्हणजे आमच्या पेठेतल्या चार पोरांच्या बँडचा मागच्या महिन्यात पहिला कार्यक्रम झाला, माईक सारखा शिट्टी मारत होता, गिटारची तार तुटली, अर्धे लोक उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी हाच मेसेज त्या पोरांना टॅग करून टाकला. तो ड्रमवाला पोरगा तेव्हापासनं प्रॅक्टिसला आलेला नाही. ज्यानं टाकला त्यानं त्याच ग्रुपवर येऊन त्या पोराला सॉरी म्हणावं, आणि पोरांनो, तुम्ही पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवा, साऊंडवाल्याचे पैसे मी देतो.