वेड पांघरून पेडगावला?

खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने मानसिक आजाराचा मुद्दा काढला, की ‘वेड पांघरून पेडगावला निघाला’ असे कोणी ना कोणी म्हणतेच. पूर्वी मीही म्हणत असे. मात्र या विषयावर जसजसे वाचत गेलो, तसतसे लक्षात आले की हा बचाव सिद्ध करणे अतिशय अवघड असते आणि तो मान्य झाला तरी आरोपी सहसा घरी जात नाही.

या बचावाची कसोटी ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या डॅनियल मॅकनॉटनचेच पाहा. १८४३ साली लंडनमध्ये त्याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. पील यांच्या टोरी पक्षाचे लोक आपला पिच्छा पुरवत आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, तेव्हा व्हिक्टोरिया राणीसह सगळे खवळले, पण हा ‘सुटलेला’ माणूस १८६५ मध्ये मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळातच बंदिस्त राहिला. त्या संतापातूनच न्यायाधीशांनी नियम घालून दिला : मनाच्या विकारामुळे आपण काय करत आहोत हे, किंवा ते गैर आहे हे, कृत्याच्या क्षणी आरोपीला कळत नसेल तरच तो दोषमुक्त. आपल्या दंडसंहितेच्या कलम ८४ चा आणि आताच्या न्यायसंहितेच्या कलम २२ चा गाभाही हाच आहे. निव्वळ आजाराचे निदान पुरत नाही, आणि ‘कळत नव्हते’ हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

माझा आक्षेप या ‘कळण्या’वर आहे. २००१ मध्ये टेक्सासमधील अँड्रिया येट्स या आईने आपल्या पाचही मुलांना न्हाणीघरातील टबमध्ये बुडवून मारले आणि मग स्वतःच फोन करून पोलिसांना बोलावून घेतले. सरकारी पक्षाने त्या फोनवरच बोट ठेवले : पोलिसांना बोलावले, म्हणजे कृत्य गैर आहे हे हिला ठाऊक होते. बाळंतपणांनंतरच्या गंभीर मनोविकाराने ग्रासलेल्या त्या बाईची समजूत मात्र अशी होती, की आपण वाईट आई आहोत आणि मुले आत्ताच मेली तरच नरकातून वाचतील. म्हणजे कायदा तिला कळत होता आणि तरीही आपण मुलांना तारतो आहोत अशी तिची खात्री होती. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी नांदू शकतात, हे १८४३ च्या कसोटीत नीट बसत नाही. २००२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवले. सरकारी पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने साक्षीत एका दूरचित्रवाणी मालिकेच्या अशा भागाचा दाखला दिला होता, जो कधी निघालाच नव्हता. त्यामुळे तो निकाल रद्द झाला आणि २००६ च्या फेरखटल्यात तिला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवण्यात आले. रवानगी अर्थातच मनोरुग्णालयात झाली.

सोंगाचीच भाषा करायची, तर नॉर्वेतील ब्रेविकचा खटला आठवावा. २०११ मध्ये ७७ माणसे मारणाऱ्या या इसमाला पहिल्या तज्ज्ञांनी मनोरुग्ण ठरवले आणि दुसऱ्यांनी शहाणा. त्याला स्वतःला वेडा ठरणे मुळीच नको होते, कारण मग त्याच्या ‘विचारसरणी’ची किंमत शून्य झाली असती. इथे वेडेपणाचा निष्कर्ष चक्क सरकारी पक्ष मागत होता! न्यायालयाने त्याला शहाणा ठरवून शिक्षा दिली, आणि मला ते पटते. विचार भयंकर असणे म्हणजे भ्रम असणे नव्हे.

आणखी एक अडचण क्वचितच बोलली जाते. खटला उभा राहीपर्यंत महिनोन्महिने जातात, तोवर औषधांनी आरोपी बराचसा सावरलेला असतो, आणि पिंजऱ्यात शांत बसलेल्या त्या माणसाकडे पाहून गुन्ह्याच्या दिवशीच्या त्याच्या मनाचा अंदाज बांधायचा असतो. म्हणून माझे मत असे, की शंका येताच, अटकेनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, शक्यतो औषध सुरू होण्याआधी, स्वतंत्र मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि तिचे ध्वनिचित्रमुद्रण दोन्ही पक्षांना मिळावे.