कृपेचं वळण

रविवारी जर्मनीत दुकानं बंद, रस्ते सुनसान. माझा फोन मात्र गप्प बसत नाही, कारण गावाकडच्या माझ्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच वेळी रंगात आलेला असतो. गेले तीन आठवडे विषय एकच आहे: चर्चच्या माजी खजिनदारांना प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, घ्यायचं की नाही.

हकिगत थोडक्यात अशी. चार वर्षांपूर्वी त्यांनी इमारत निधीतले पैसे स्वतःच्या घरासाठी वापरले. उघडकीला आल्यावर कबूल केलं आणि जमिनीचा तुकडा विकून सगळी रक्कम भरली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीने त्यांचं पद काढून घेतलं आणि प्रभुभोजनही बंद केलं. तेव्हापासून ते शेवटच्या बाकावर बसतात आणि लोक वेदीकडे निघाले की बुटांकडे बघत राहतात. आता त्यांच्या मुलीचं दृढीकरण आहे, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी. त्या दिवशी तिच्या शेजारी गुडघे टेकता यावेत, असा अर्ज त्यांनी केलाय. याच काकांनी मला संडे स्कूलमध्ये बायबलातलं तेविसावं स्तोत्र पाठ करायला लावलं होतं, त्यामुळे मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

ग्रुपवर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, कृपा म्हणजे मोकाट सुटायचा परवाना नव्हे, आज यांना घेतलं तर उद्या तरुण पोरांना काय सांगणार? दुसरी बाजू म्हणते, आपण सगळेच पापी, दगड कोण मारणार? दोन्हीकडचे मेसेज हात जोडलेल्या चित्राने संपतात.

इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला सुटल्यासारखं वाटलं. मागच्या रविवारी कुठे होतीस, सोबत कोण होतं, असले प्रश्न नाहीत. इथल्या मोठ्या चर्चचं सभासदत्व कराच्या कागदांत नोंदलेलं असतं, आणि आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, जसं राज्य तसा, चर्चचा कर पगारातून आपोआप कापला जातो. सोडायचं तर पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, भेटायची गरज नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे कोर्टात किंवा नोंदणी कचेरीत जायचं, सही करायची, झालं. माझ्या ऑफिसातल्या एकाने हे काम जेवणाच्या सुट्टीत उरकलं. आमच्याकडे एखाद्याचं नाव कमी करायचं तर चार सभा होतात आणि त्याच्या आजोबांपर्यंतचा हिशेब निघतो.

मग एकदा पाच महिने मी उपासनेला गेले नाही. आजारी नव्हते, मन उडालं होतं. सहाव्या महिन्यात गेले, तर दारातल्या बाईंनी प्रसन्न हसून गीतांचं पुस्तक हातात दिलं. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला देतात तसं. त्या हसण्यात काही खोट नव्हती. पण घरी असते तर तिसऱ्या रविवारी कुणीतरी कडी वाजवली असती. भोचकपणाने का होईना, वाजवली असती.

‘स्वस्त कृपा’ हा शब्द याच देशात गाजला. जर्मन पाळक आणि धर्मपंडित डिट्रिश बोनहोफर यांनी १९३७ साली तो वापरला तेव्हा त्यांचा रोख पश्चात्तापाशिवायच्या क्षमेवर होता, शिस्तीशिवायच्या बाप्तिस्म्यावर होता. आमच्या ग्रुपवरही हा शब्द फेकला गेला, अर्थात काकांच्या विरोधात. जमीन विकून, चार वर्षं सगळ्यांदेखत मागच्या बाकावर बसून मिळणारी कृपा स्वस्त कशी, हे मला कळलेलं नाही. स्वस्त असेलच तर आमची आहे. आम्ही दर रविवारी काहीच कबूल न करता भाकर घेऊन येतो.

दोन्ही तट बायबलातल्या, तीतला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतात. तारण देणारी कृपा प्रकट झाली आहे आणि ती आपल्याला शिकवते, असं तिथे प्रेषित पौल म्हणतो. या ‘शिकवते’साठीचं ग्रीक क्रियापद ‘मूल’ या शब्दापासून आलंय. मराठीत त्याला वळण लावणं म्हणावं. वळण एका दिवसात लागत नाही. अक्षराला लागतं तसं ते गिरवून गिरवून लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं. गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूला फटके देऊन सोडतो म्हणतो, तिथेही क्रियापद हेच आहे. घरच्या मंडळीला बहुतेक पिलाताचा अर्थ जास्त पाठ आहे. आणि इथल्या मंडळीत मुलाशेजारी बसायला कुणाला वेळ नाही.

अपवाद आहेत. बुधवारी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण एका निवृत्त नर्सबाईंकडे जमतो. गटातला एक तरुण खुर्च्या मांडायच्या पाळीला कधीच येत नाही, म्हणून एकदा मी त्याच्यावर बरंच तोंडसुख घेतलं. तो त्या दिवशी आला नव्हता. निघताना बाईंनी माझा कोट हातात धरला आणि हळूच विचारलं, “हे त्याला सांगितलंस?” मी म्हटलं, नाही. “मग सांग. मी येते सोबत.” शनिवारी खरंच आल्या, ट्रामने, गुडघा दुखत असताना. त्याने ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. पुढच्या पाळीलाही तो आला नाही. पण त्याच्या माघारी बोलायला माझी जीभ पुन्हा रेटली नाही.

बाई म्हणाल्या, हा नियम जुना आहे. बोनहोफर फिंकेनवाल्डेच्या विद्यालयात पाळक होणाऱ्या तरुणांना शिकवत, तेव्हा तिथे असं ठरलं होतं की हजर नसलेल्या भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. ते विद्यालय १९३७मध्ये गेस्टापोने, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बंद केलं. नाझी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांना घडवताना शिस्त कशाची, तर जिभेची! आमच्या पंच कमिटीच्या नियमावलीत बरंच काही आहे, हे नाही.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ‘त्याला आपल्यातून काढा’ सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एका माणसाबद्दल लिहितो की झाली एवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा, यावर विद्वानांचं एकमत नाही. नसू दे. मंडळीने शिक्षा थांबवायची कधी, हेही पौलाला सांगावं लागलं, एवढं मला पुरतं.

माझं मत मी कमिटीला लिहून कळवलंय. काकांना प्रभुभोजनाला घ्या, मुलीच्या शेजारी. तिजोरीच्या चाव्या देऊ नका, आत्ता नाही आणि पुढेही नाही; त्यांनी त्या मागितलेल्याही नाहीत. प्रभुभोजनाचं मेज आणि तिजोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पुढच्या खजिनदाराला दोन सह्यांशिवाय पैसे काढता येऊ नयेत. मोहाच्या वाटेवर माणसाला एकटं सोडायचं आणि तो पडला की पावित्र्याच्या गप्पा मारायच्या, हे बरोबर नाही.

पत्र पाठवल्यावर मी ग्रुपवरचे माझे मेसेज मोजले. तीन आठवड्यांत अकरा, त्यातले सुरुवातीचे चार काकांच्या विरोधात. काकांनी यातला एकही वाचलेला नाही, कारण चार वर्षांपूर्वी त्यांना ग्रुपमधून काढलं होतं.

काल फोन लावला. “अगं, तिकडे किती वाजले?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी कशासाठी फोन केलाय ते सांगितलं. बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “वाच.”

मी पहिला मेसेज वाचून दाखवला. मग दुसरा.