क्वीन एका रात्रीत उभी राहिली नाही

पाचगणीचं नाव आलं की आपल्याकडे एक पोस्ट हमखास फिरते. तिचा मतितार्थ असा: पाचगणीच्या शाळेत गायक म्हणून गाजलेला एक पारशी मुलगा लंडनच्या विमानतळावर सामान उचलत होता. एका रात्री अनोळखी बँडचा गायक सोडून गेला, याने पार्किंगमध्येच गाऊन दाखवलं आणि क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड जन्माला आला. मग नवख्या बँडचं सहा मिनिटांचं गाणं कंपनीने झिडकारलं, पण त्याने एकहाती ते जगभर गाजवलं. पुढे बँड फुटला, तो १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या संगीत कार्यक्रमाने पुन्हा जोडला. यातलं बरंचसं २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या सिनेमातून उचललेलं आहे. सिनेमाला सूट असते, पण वर 'सत्यकथा' असं लिहून पुढे ढकलणाऱ्याला कशाला द्यायची?

पाचगणी खरी आहे. फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि शाळेतल्या 'हेक्टिक्स' या बँडमध्येही होता. पण तिथे तो पियानो वाजवायचा, पुढे उभा राहून गाणारा दुसराच होता.

पार्किंगचा प्रसंग मात्र निव्वळ पटकथा. हीथ्रोवर त्याने काम केलं होतं, पण पुढे क्वीनमध्ये गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' या बँडशी त्याची ओळख आधीपासूनची. स्माइलचा गायक टिम स्टॅफेल त्याचा ईलिंग आर्ट कॉलेजातला मित्र, आणि रॉजरबरोबर तर त्याने केन्सिंग्टन मार्केटात कपड्यांचा स्टॉल लावला होता. मधल्या काळात तो दुसऱ्या बँडमधून गाऊन आलेला होता. १९७०मध्ये टिम बाहेर पडला तेव्हा जागा घरच्याच माणसाला मिळाली. नव्या गायकासह पहिला कार्यक्रम झाला २७ जून १९७० रोजी कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात, रेडक्रॉसच्या मदतीसाठी. तो ठरवला होता रॉजरच्या आईने, आणि जाहिरातीत नाव जुनंच होतं, स्माइल!

त्यानंतर बास वाजवणारे एकामागून एक आले नि गेले. जॉन डीकन टिकला, तो १९७१मध्ये आला. लंडनच्या ट्रायडंट या रेकॉर्डिंग स्टुडिओने त्यांना घेतलं खरं, पण कसं? बड्या मंडळींचं काम आटोपून स्टुडिओ रिकामा पडला की यांनी शिरायचं, म्हणजे बहुधा रात्री-बेरात्री. पहिला अल्बम जुलै १९७३मध्ये आला आणि त्यातलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, चक्क पडलं. मार्च १९७४मध्ये 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' हे गाणं ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्याच वर्षाअखेर 'किलर क्वीन' दुसऱ्या क्रमांकावर. एवढं होऊनही हातात पडत होते आठवड्याला साधारण ६० पौंड. याला 'एका रात्रीत' म्हणणाऱ्यांची रात्र फारच लांब असावी.

म्हणजे ऑक्टोबर १९७५मध्ये ते सहा मिनिटांचं गाणं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', आलं तेव्हा बँड नवखा नव्हता. गाणं लांब आहे, रेडिओवर चालणार नाही, ही कुरकुर झाली होती. पण सिनेमात ते नाकारणारा कंपनीचा साहेब काल्पनिक आहे. गाण्याला हवा दिली लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट याने, एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवून. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

'एकहाती' हा शब्द मला सर्वांत खटकतो. ते गाणं फ्रेडीचं, कबूल. पण त्यातल्या ऑपेरासारख्या भागात ब्रायन आणि रॉजर यांचे आवाज फ्रेडीच्या आवाजावर इतक्या वेळा चढवले, की टेप झिजून तिच्यातून उजेड दिसायला लागला, असं बँडवालेच सांगतात. ब्रायनची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, शेकोटीवरच्या जुन्या चौकटीचं लाकूड वापरून. आणि 'वी विल रॉक यू' ब्रायनचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉनचं, 'रेडिओ गा गा' रॉजरचं. पोस्टमध्ये या तिघांची नावंसुद्धा नसतात!

राहिली फूट. फ्रेडीने एकट्याचा अल्बम काढला हे खरं, पण रॉजरने तो १९८१मध्येच काढला होता. आणि १९८५च्या मे महिन्यापर्यंत क्वीन जपानमध्ये कार्यक्रम करत होती. १३ जुलैच्या लाइव्ह एडला तुटलेलं काही जोडायचं नव्हतं. प्रश्न होता वीसेक मिनिटांत काय काय बसवायचं, आणि त्यासाठी चौघं लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालमी करत होते.