‘मेलं तरी बटण दाबलं की जिवंत’: फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

शनिवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीने एक मेसेज टाकला. सुरुवात ‘पालकांनो, सावध व्हा’, शेवट ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: हल्ली मुलं मरणाचे गेम खेळतात; गेममध्ये मेलेला माणूस बटण दाबलं की उठतो, म्हणून मुलांना मृत्यूचं काही वाटेनासं होतं; अमेरिकेत एका बापाने कॅन्सरने गेलेल्या पोटच्या मुलाचा गेम करून विकला; असल्या गेममुळे मुलं नैराश्यात जातात; जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेमला आजार ठरवलंय; आणि हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

एरवी मी असले मेसेज न वाचताच पुढे जाते. पण त्याच संध्याकाळी ताईने माझ्या भाच्याचा लॅपटॉप काढून घेऊन कपाटावर ठेवला. भाचा १४ वर्षांचा आहे. सात महिन्यांपूर्वी भाऊजी ऑफिसला जाताना वाटेतच गेले, हार्ट अटॅकने. त्यामुळे या मेसेजला उत्तर देणं भाग आहे.

आधी त्या बापाबद्दल, कारण सगळ्यात वाईट खोटं तिथेच आहे.

गेमचं नाव ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’. कोलोरॅडोतल्या रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याने जोश लार्सन आणि इतर काही सहकाऱ्यांबरोबर तो केला. त्यांचा मुलगा जोएल एक वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली होती, तरी तो त्यानंतर काही वर्षं जगला. गेमचं काम २०१२ मध्ये सुरू झालं, तेव्हा जोएल घरात खेळत होता. म्हणजे ‘मुलगा गेल्यावर धंदा सुचला’ हे तारखेनेच खोटं ठरतं. मार्च २०१४ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो गेला. आईबापांनी काम सोडलं नाही, आणि १२ जानेवारी २०१६ ला, त्याच्या सातव्या वाढदिवशी, गेम लोकांसमोर ठेवला. आतलं हसणं जोएलचं स्वतःचं आहे.

पैसे कमावले म्हणे. लोकवर्गणीतून आणि कर्ज काढून गेम पुरा झाला. अनेकांनी विकत न घेता यूट्यूबवरच तो अख्खा पाहिला, आणि विक्रीतून अजून एक डॉलरही आपल्या हाती आलेला नाही, असं रायन ग्रीनने मार्च २०१६ मध्ये स्वतः लिहिलं होतं. आलं ते देणी फेडण्यात गेलं.

आणि ‘बटण दाबलं की जिवंत’? त्या गेममधली दवाखान्यातली एक रात्र बघा. जोएलच्या पोटात काही राहत नाही. अंगातलं पाणी कमी झालंय, तो तहानेने रडतोय. खेळणारा बापाच्या जागी असतो. ज्यूस द्या, उलटून पडतो. उचलून घ्या, फेऱ्या मारा, थोपटा. जे जे दाबता येतं ते दाबून होतं आणि रडणं थांबत नाही. ही रात्र रायनने खरोखर काढलेली आहे. जिंकता येत नाही असा गेम त्याने मुद्दाम केला. दुसऱ्या एका प्रसंगात दवाखान्याच्या बोळातून जाताना भिंतींवर कार्डं दिसतात. वर्गणी देणाऱ्या लोकांनी आपापल्या आजारी आणि गेलेल्या माणसांसाठी लिहिलेली. ज्याने हा मेसेज लिहिला, त्याने यातलं एक कार्ड तरी वाचलं असेल का? २०१७ मध्ये ‘बाफ्टा’ने, म्हणजे चित्रपट, टीव्ही आणि गेमना पुरस्कार देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, या गेमला नावीन्यासाठीचा पुरस्कार दिला. पुरस्कार मिळाला म्हणून तो चांगला, असं माझं म्हणणं नाही. पण ‘मुलाला विकलं’ हे वाक्य मूल गमावलेल्या आईबापांबद्दल लिहिलंय, आणि आपण ते फुलांच्या इमोजीसकट पुढे पाठवलं.

आरोग्य संघटनेचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करते. तिच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, २०१९ मध्ये मंजूर झालेला आणि २०२२ पासून लागू. पण त्याचा अर्थ खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. रोज जेवणानंतर तासभर खेळणाऱ्या मुलाला हे लागू होत नाही.

नैराश्याचं म्हणाल, तर गेम म्हणजे औषध नाही. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर समुपदेशकाकडे न्यायलाच हवं. आणि असे गेम लहान मुलाच्या हाती देऊन आपण उठून जाऊ नये, हेही मला पटतं.

संस्कृतीबद्दल मात्र ऐका. भाचा खेळत होता तो ‘स्पिरिटफेअरर’, माँट्रियलच्या थंडर लोटस या गेम कंपनीने २०२० मध्ये आणलेला. त्यात स्टेला नावाची मुलगी गेलेल्या माणसांना आपल्या बोटीवर ठेवून घेते. त्यांच्या आवडीचं रांधते, त्यांच्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या करते, आणि ती माणसं जायला तयार झाली की त्यांना शेवटच्या दारापर्यंत सोडते. दहाव्याला घाटावर आपण दुसरं काय करतो? भाऊजींच्या पिंडाला दीड तास कावळा शिवला नाही. ‘पोराचं शिक्षण करू’, ‘ताईला एकटं पडू देणार नाही’, एकेकजण हात जोडून सांगत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. घरी येताना भाच्याने एवढंच विचारलं, “मग बाबांचं काय राहिलं होतं?” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

त्या गेममध्ये अतुल नावाचा एक बेडूककाका आहे. खाण्याचा शौकीन, हाताने सगळं दुरुस्त करणारा. बाकीचे निरोप घेऊन जातात. अतुल एका सकाळी बोटीवर नसतोच. त्याच्या खोलीत फक्त एक फूल असतं. भाच्याने सगळ्या बोटीवर शोधलं, मग लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात नेला आणि ताईला ती रिकामी खोली दाखवली. म्हणाला, “आई, त्या दिवशी बाबांनी मला उठवलं का नाही?” सात महिन्यांत त्या सकाळीबद्दल त्याने काढलेला हा पहिला शब्द. ताईने गॅस बंद केला आणि सांगितलं: बाबा दारात उभे राहून बघत होते, परीक्षा संपलीय, झोपू दे म्हणाले, चहा अर्धाच पिऊन गेले. दोघं कितीतरी वेळ ओट्यापाशी खाली बसून होती.

मावशी, तू काळजीने पाठवलंस हे मला माहीत आहे. ताईनेही काळजीनेच लॅपटॉप वर ठेवला. काल तिने तो खाली काढला. बोटीवर ॲलिस नावाची एक म्हातारी आहे, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. तिला दारापर्यंत सोडायचं राहिलंय, असं भाचा म्हणाला, आणि ताई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.