सरोवरकाठचा काटा

लातूर जिल्ह्यात शेती करणारा माझा धाकटा भाऊ आणि मी यांच्यात दोन वर्षांपासून एक वाद चालू आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने पिवळ्या वाटाण्यावरचे आयातशुल्क काढले, आणि स्वस्त वाटाणा बेसनात मिसळला जाऊ लागल्यावर हरभऱ्याचा भाव कशाला उठेल, हा त्याचा प्रश्न होता. नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के शुल्क लागू झाले तरी त्याचा राग ओसरलेला नाही. ‘‘दादा, तुमच्या कॅनडाने आमचा हरभरा खाल्ला,’’ असे तो म्हणतो, आणि ‘तुमच्या’ या शब्दावर मुद्दाम जोर देतो. मी राहतो ते सुपीरियर सरोवराच्या काठचे थंडर बे हे गाव धान्याचेच बंदर असल्यामुळे मला यातून सुटका नाही. भारताकडे जाणारा बहुतेक वाटाणा पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हरहून निघतो आणि आमच्या बंदरातून मुख्यतः गहू आणि कॅनोला ही तेलबी युरोप, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेकडे जातो, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. त्याच्या जागी मी असतो तर हा भूगोल मलाही पटला नसता.

हे बंदर समुद्रापासून साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर आत आहे. सुपीरियर सरोवराची पातळी समुद्रसपाटीहून सुमारे 183 मीटर उंच असल्याने, येथे भरलेले जहाज अटलांटिकपर्यंत पाण्याच्या 16 कुलपांतून, म्हणजे पाणी कमी-जास्त करता येणाऱ्या दरवाजांच्या हौदांतून, पायरी पायरीने खाली उतरते. त्यांतली आठ एकट्या वेलंड कालव्यावर आहेत. 1959 मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाल्यापासून समुद्रातली परदेशी जहाजेही थेट या धक्क्याला लागू लागली. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बर्फामुळे कुलपे बंद असतात, आणि वसंतात पहिले परदेशी जहाज आले की त्याच्या कप्तानाला समारंभाने उंच काळी टोपी घातली जाते. आपल्याकडे हंगामातला पहिला सौदा नारळ फोडून काढतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

काठावर काँक्रीटच्या नळकांड्या एकमेकींना चिकटून उभ्या असाव्यात तशी धान्याची कोठारे दिसतात. त्यांना येथे एलिव्हेटर म्हणतात, कारण प्रेअरीतून, म्हणजे पश्चिमेकडच्या शेतीच्या मैदानांतून, रेल्वेने आलेले धान्य त्यांत आधी पट्ट्यावरच्या डोलांनी अगदी वर चढवले जाते आणि नंतर स्वतःच्या वजनाने तोलकाट्यात, कोठारात आणि शेवटी जहाजाच्या पोटात उतरते. पोत्याला हुक लावणारा हमाल या साऱ्या प्रवासात कोठेच नाही. काही कोठारे मात्र ओस पडली आहेत. 1983 साली येथून दीड कोटी टनांहून अधिक धान्य गेले होते, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. पुढे सोव्हिएत संघ हे मोठे गिऱ्हाईक संपले, आशियाची मागणी वाढली, आणि 1995 मध्ये रेल्वेभाड्यावरचे जुने सरकारी साहाय्य बंद झाल्यावर माल पश्चिमेकडे वळला.

वादात मला भावाला सांगावीशी वाटते ती गोष्ट या कोठारांहून लहान आहे. जहाजात धान्य पडत असताना वाहत्या धारेतून यंत्राने ठरावीक अंतराने नमुना काढला जातो, आणि कॅनेडियन ग्रेन कमिशन या सरकारी संस्थेचा निरीक्षक त्याची प्रत ठरवतो. हा निरीक्षक विकणाऱ्याचाही नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची तरतूद गावाजवळच्या कोठारात लागू होते. प्रत, ओलावा किंवा मातेऱ्यापोटी होणारी वजावट यांविषयी तेथल्या कंपनीशी मतभेद झाला, तर दोघांनी मान्य केलेला नमुना कमिशनकडे पाठवण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, आणि कमिशनचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो.

हे कोणी दयाबुद्धीने दिलेले नाही. 1902 मध्ये सिंटालुटा या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी, रेल्वेचे डबे आधी कोठारवाल्यांना मिळतात आणि शेतकऱ्याला डावलले जाते म्हणून, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या स्थानकप्रमुखावर खटला भरला आणि तो जिंकला. कमिशनची पूर्वज संस्था 1912 च्या कायद्याने अस्तित्वात आली, ती अशा दहा-बारा वर्षांच्या भांडणांनंतर.

आपल्याकडचे भांडण मात्र बाजार समिती असावी की नसावी, येथेच अडकून पडते. 2020 च्या कृषी कायद्यांच्या वेळी आमच्या घरात दोन तट पडले होते. शरद जोशींच्या विचारांना मानणारे काका बाजार मोकळा करा म्हणत होते, तर भाऊ म्हणत होता की समिती गेली तर आडत्याला निदान शिवी तरी देता येते, तीही सोय जाईल. कायदे मागे घेतले गेले आणि वाद जेथल्या तेथे राहिला. दोघांपैकी एकानेही, आणि दुरून शहाणपण शिकवणाऱ्या मीही, ओलावा कोण मोजतो हे विचारले नव्हते.

तो प्रश्न 2024 च्या हंगामात समोर आला. हमीभाव केंद्रावर सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट होती. भावाच्या मालात केंद्रावरच्या यंत्राने जास्त ओलावा दाखवला, म्हणून तो माल घेऊन बाजारात गेला, तर तेथे वेगळाच आकडा निघाला आणि वर कडता, म्हणजे वजनातली कपात, कापला गेला तो निराळाच. दोन्ही यंत्रे मोजणाऱ्यांच्याच मालकीची होती, आणि त्यांच्यावर दाद मागायला तिसरे यंत्र नव्हते. नोव्हेंबरात सरकारने मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, पण तोवर त्याचा माल हमीभावाच्या खाली विकून झाला होता.

कॅनडाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. येथेही गहू विकण्याची मक्तेदारी दीर्घकाळ सरकारी व्हीट बोर्डाकडे होती आणि ती 2012 मध्ये उठली, तेव्हा शेतकरी आपल्यासारखेच दुभंगलेले होते. पुढच्याच वर्षी विक्रमी पीक आले, दोनच मोठ्या रेल्वे कंपन्यांवर सारी मदार असल्याने धान्य खेड्यापाड्यांत अडकले, आणि मार्च 2014 मध्ये सरकारला दोघींना आठवड्याला प्रत्येकी पाच लाख टन माल हलवण्याचा हुकूम द्यावा लागला. 2013 पासून बंदरातल्या कोठारांत येणाऱ्या मालाची सक्तीची सरकारी तपासणीही बंद झाली आहे. आता ती जाणाऱ्या मालाची होते. शिवाय हजारो एकरांचा प्रेअरीतला शेतकरी नमुना पाठवून निकालाची वाट पाहू शकतो. दिवाळीच्या तोंडावर उचल फेडायची असलेल्या माणसाला ते परवडेल का, ही शंका मला स्वतःलाच आहे. पण हा हक्क कायद्यात असणे आणि नसणे यांत फरक आहे, आणि बाजार मोकळा असो वा बांधलेला, तो आधी मागितला पाहिजे, असे माझे मत आता ठाम झाले आहे.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ पंधरा दिवस येथे येऊन गेला. काकाबेकाचा 40 मीटरचा धबधबा त्याने पाहिला आणि पाऊस सरल्यावरही तो कोसळतो याचे त्याला नवल वाटले. बंदरासमोरच्या खाडीपलीकडे उताणा झोपलेल्या माणसासारखा दिसणारा डोंगर आहे, ज्याला मूळ रहिवासी नानाबिजू म्हणतात. त्याच्या पायथ्याशी सिल्व्हर आयलेट नावाची चांदीची खाण होती. पाणी गोठण्याआधी कोळशाचे जहाज पोहोचले नाही, पंप थांबले आणि खाण बुडाली, ही हकिगत त्याला सर्वांत आवडली. माऊंट मॅकेवरून सारे बंदर दिसते. पायथ्याची जमीन 1905 मध्ये रेल्वेच्या तळासाठी तेथल्या ओजिब्वे लोकांकडून काढून घेतली गेली होती, हे मी सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘म्हणजे वाढवणसारखेच.’’

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही धक्क्याजवळ उभे होतो. एका लांबलचक जहाजात धान्य पडत होते आणि धुळीचा पिवळसर पडदा उन्हात तरंगत होता. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘तो नमुना पाठवायचा खर्च कोणी करायचा, शेतकऱ्याने की कंपनीने?’’