वेल्डर पाहिजेत, मग त्यांना शिकवणारे कुठंयत?

गेल्या महिन्यात औशाकडचे एक शेतकरी घरी आले होते. पोरानं मेडिकलसाठी दोनदा ‘नीट’ परीक्षा दिली, नंबर लागला नाही. क्लासची फी, खोलीभाडं, मेस, सगळं सोयाबीनच्या पैशातून. मला म्हणाले, "सर, आता याला आयटीआयला घालावं म्हणतो. इथल्या रेल्वेच्या कारखान्यात लागंल का?" पोरगं शेजारी मान खाली घालून बसलेलं. मी २७ वर्षं वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे आयटीआयत वेल्डिंग शिकवणारा, होतो. या प्रश्नाचं उत्तर मला छातीठोकपणे देता यायला हवं होतं. नाही देता आलं.

लातूरकरांसाठी हा कारखाना काय आहे ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा स्टेशनवर जाऊन ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे मी. त्यानंतर दोनच वर्षांत हरंगुळजवळ रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढं १२० वंदे भारत स्लीपर गाड्यांचा करार भारत-रशियाच्या संयुक्त कंपनीशी झाला आणि त्यासाठी जागा ठरली ती आपलं लातूर. तेव्हा मी पेढे वाटले होते.

पण हा डबा स्टेनलेस स्टीलचा असतो, आणि खरी अडचण तिथंच आहे. आयटीआयत वर्षभर आमची पोरं साध्या लोखंडाच्या पट्टीवर रॉडनं वेल्डिंग करतात. पहिले पंधरा दिवस रॉड चिकटतो, मग हळूहळू हात बसतो. स्टेनलेस स्टीलची गोष्ट वेगळी. त्यात उष्णता लवकर पसरत नाही, एकाच जागी साठते आणि पत्रा वेडावाकडा होतो. उष्णता जास्त झाली की जोडाशेजारचा रंग काळानिळा पडतो आणि तिथं पुढं गंज धरायची भीती. त्याला टिग वेल्डिंग लागतं, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकानं केलेलं वेल्डिंग. एका हातात टॉर्च (ते टंगस्टन बसवलेली मूठ), दुसऱ्या हातात फिलर (जोडात भरायची तार), आणि टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरून ठेवायचं. टोक टेकलं की काम थांबवा, टंगस्टन पुन्हा घासा, पुन्हा सुरू. हे पुस्तकातून येत नाही. मागं कुणीतरी उभं राहून मनगटाला हात लावून "एवढं नको, जरा मागं घे" म्हणावं लागतं. असं शंभरदा.

माझा एक विद्यार्थी, चांगल्या मार्कांनी पास झालेला, चाकणला एका कंपनीत ट्रेड टेस्टला गेला. संध्याकाळी फोन आला, "सर, टॉर्च हातात दिली आणि माझा हात थरथरायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा धरली." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. कारण टिगचं मशीन आमच्याकडं होतं. अभ्यासक्रमातही होतं. पण आर्गॉनचा सिलिंडर भरायला पैसे मंजूर होईनात, म्हणून त्यावर वर्षभर कापडी कव्हर होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. असं कव्हर एकाच ठिकाणी नव्हतं.

जागा वाढवणं आपल्या राज्याला छान जमतं. १९८३ मध्ये वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि महाराष्ट्राचा नकाशाच बदलला. गावाकडच्या पोरांना इंजिनिअर होता आलं, हे मोठं काम झालं, ते नाकारू नये. पण तेव्हापासून आपल्याला सवय लागली ती इमारत आणि प्रवेशक्षमता मोजायची. आजही कुठं काही कमी पडलं की घोषणा होते नवीन कॉलेजची, नवीन तुकडीची. शिकवणार कोण, हे नंतर बघू. मग तासिका तत्त्वावर कुणीतरी घेतलं जातं. सुट्टी लागली की पगार बंद. असला माणूस चांगली नोकरी मिळेपर्यंतच टिकतो, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

खरंतर हे लातूरला सांगायची गरजच पडायला नको. लातूर पॅटर्न काही इमारतींवर उभा राहिला नाही. तो उभा केला शिकवणाऱ्यांनी. सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेणाऱ्यांनी, पेपरामागून पेपर सोडवून घेणाऱ्यांनी. नांदेड, बीड, परभणीहून लेकरं येतात ती त्या शिक्षकांच्या नावावर. डॉक्टर घडवताना जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, ते वेल्डर घडवताना आपण का विसरतो?

केंद्रानं २०२५ मध्ये १,००० आयटीआय सुधारायची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. तीत प्रशिक्षकांना घडवायचाही विचार आहे, हे वाचून मनापासून बरं वाटलं. त्यासाठी पाच राष्ट्रीय केंद्रं आहेत: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. महाराष्ट्रातलं एकही नाही. मी स्वतः निदेशकाचं प्रशिक्षण मुंबईत सायनला घेतलं. घरी बायको आणि दोन लेकरं, मी तिकडं वर्षभर. किती जणांना ते परवडतं?

माझं मागणं एवढंच आहे. लातुरात निदेशक घडवणारं केंद्र काढा, कारखान्याच्या शेजारी. रेल्वेतून निवृत्त झालेले पट्टीचे वेल्डर तिथं शिकवायला बोलवा, त्यांच्याकडं डिग्री आहे का हे विचारत बसू नका. निदेशकांची पदं कायमस्वरूपी भरा. गॅस, रॉड, फिलर यांचा पैसा जून महिन्यातच संस्थेच्या खात्यात पडू दे. मुलींसाठी वसतिगृह आणि संध्याकाळची एसटी हवीच. ती नसेल तर निलंग्याची, रेणापूरची मुलगी या ट्रेडला येणार नाही.

कुणी म्हणतं, कंपनी देईल की प्रशिक्षण. देईल, तिच्या मशीनपुरतं. पण ज्याचा हात आधीच बसलेला आहे त्यालाच ती आत घेते. बाकीचे गेटवर हेल्पर म्हणून उभे राहतात.

त्या चाकणच्या पोराचं पुढं काय झालं ते राहिलंच. तो तिथंच हेल्पर म्हणून लागला. जेवणाच्या सुट्टीत तुकड्यांवर टिग मारून मारून दीड वर्षात शिकला. आज नवीन आलेल्या पोरांना तोच शिकवतो. परवा रविवारी त्याचा फोन होता. आई थकलीय, गावाकडं परत यायचंय त्याला. म्हणाला, "सर, लातूरला निदेशकाची जागा निघाली का? पगार कमी असला तरी चालंल, फक्त कायमची पाहिजे."

अजून नाही रे, म्हणालो.